लोमेल्लीनातील शिळा भात

मिलान शहरातून निघालेली आगगाडी नैर्ऋत्येकडे धावू लागली की थोड्याच वेळात तिचीनो नदी लागते. नदीचा पूल ओलांडून विजेव्हानो शहर मागे पडले म्हणजे भूमीचे रूप पालटते. मे महिन्याचे दिवस होते. दोन्ही बाजूंस नजर पोहोचेल तेथवर पाणीच पाणी, आणि त्या पाण्यावर बांधांच्या रेघांनी आखलेले चौकोन. तेथील लोक या देखाव्याला ‘चौकोनांचा समुद्र’ म्हणतात. त्या समुद्रात आभाळ उतरलेले होते, बगळे एका पायावर ध्यानस्थ उभे होते आणि दूर वायव्येस मोंते रोझा पर्वताची हिमाच्छादित शिखरे दिसत होती. ते बर्फ तेवढे वगळले असते, तर आपण पावसाळ्यात आमच्या खानापूर तालुक्यातच एखाद्या बांधावर उभे आहोत, असा भास व्हावा.

या प्रदेशाचे नाव लोमेल्लीना. तिचीनो, पो आणि सेझिया या तीन नद्यांच्या बेचक्यातील ही सखल भूमी होय. इटालियन माणूस म्हटला की तो शेवया आणि पाव खाणारा, अशी आपली समजूत असते. परंतु युरोपीय संघातील सर्वांत मोठा भातउत्पादक देश इटलीच आहे. त्या देशात दोन लाखांहून अधिक हेक्टर भूमी भातशेतीखाली असून तिचा फार मोठा भाग लोमेल्लीना आणि तिच्या शेजारच्या नोव्हारा व व्हेर्चेल्ली या जिल्ह्यांत आहे. अशा या भाताच्या मुलुखात जाऊन मी काय शिकून आलो, असे कोणी विचारले तर मला थोडे संकोचूनच सांगावे लागेल की, उरलेला भात गरम कसा करावा हे मी तेथे शिकलो. ही विद्या लहान खरी. परंतु ती मला ज्या रीतीने मिळाली, ती रीत मात्र मी आजवर विसरलेलो नाही.

२०११ साली मी रोममध्ये शिकत होतो. माझ्या वर्गातील एक तरुण धर्मगुरू लोमेल्लीनाचा रहिवासी होता. मला चार दिवसांची सुटी मिळाली, तेव्हा त्याने आपल्या गावच्या वृद्ध धर्मगुरूंच्या नावे पत्र लिहून मला तिकडे धाडले. मोर्तारा हे तेथील रेल्वेचे मोठे स्थानक. तेथून गाव काही मैलांवर होते. दुपारी साडेबारापर्यंत मी पोहोचावे आणि आम्ही एकत्र जेवावे, असे ठरले होते.

परंतु त्या सकाळी मी मिलानच्या महामंदिरात गेलो. १३८६ साली ज्याच्या बांधकामास आरंभ झाला, ते संगमरवरी मंदिर पाहता पाहता घड्याळाचे भान राहिले नाही. तळघरातील संत चार्ल्स बोरोमियोंच्या समाधीपाशी गुडघे टेकले आणि उठलो तो गाडी निघून गेलेली. पुढच्या गाडीने मोर्तारास उतरलो तर गावाकडची बस नुकतीच सुटलेली. अखेर पायपीट करीत, डासांना रक्तदान करीत, मी तीन वाजण्याच्या सुमारास धर्मग्रामाच्या निवासापाशी पोहोचलो. प्रार्थनेमुळे झालेला उशीरदेखील वाट पाहणाऱ्याच्या लेखी उशीरच असतो, हे मला त्या दारात उमगले. वृद्ध धर्मगुरू अद्याप जेवले नव्हते.

तिकडे धर्मप्रांतीय धर्मगुरूंना ‘दॉन’ म्हणतात. दॉनच्या घरी स्वयंपाकपाणी पाहणाऱ्या एक वयस्क विधवा बाई होत्या. इटलीत धर्मगुरूच्या घरची व्यवस्था पाहणाऱ्या स्त्रीला ‘पेर्पेतुआ’ म्हणण्याचा प्रघात आहे. मान्झोनी या मिलानच्या थोर लेखकाच्या कादंबरीत दॉन आब्बोंदिओ नावाचा एक भित्रा धर्मगुरू आहे. त्याच्या घरच्या फटकळ पण प्रेमळ बाईचे हे नाव पुढे साऱ्या देशात सामान्यनाम होऊन बसले. आमच्या या पेर्पेतुआ बाईंनी माझ्याकरिता रिझोत्तो रांधला होता. तो भात केव्हाच थंड झाला होता.

रिझोत्तो म्हणजे काय, हे वाचकांस थोडक्यात सांगितले पाहिजे. तो आपला पुलाव नव्हे, खिचडीही नव्हे. आखूड, जाड दाण्याचा तांदूळ न धुता लोण्यावर कांद्याबरोबर परततात. वर थोडी वाइन घालून ती आटवतात. मग उकळता रस्सा पळीपळीने घालीत आणि ढवळीत सुमारे अठरा मिनिटे शिजवितात. शेवटी भांडे चुलीवरून उतरवून त्यात लोणी आणि किसलेले जुने चीज घोटतात. मिलानच्या पद्धतीत केशर पडते व भात सोनेरी होतो. चांगल्या रिझोत्तोत दाणा आतून किंचित घट्ट, दाताला लागेल असा राहतो, पण भोवतालचा रस सायीसारखा दाट होतो. ताटलीत वाढला की त्याने हळूहळू पसरावे. डोंगरासारखा उभा राहिला तर तो बिघडला असे समजावे. म्हणूनच त्या देशात यजमान पाहुण्यांना आधी मेजावर बसवितात आणि मग रिझोत्तो उतरवतात. पाहुण्याने भातासाठी थांबावे. भात पाहुण्यासाठी थांबत नाही.

आणि मी तर अडीच तास उशिरा आलो होतो. बाईंनी आमच्यापुढे पाव, चीज, खारवलेले मांस आणि भाजीचे सूप ठेवले. मला फार ओशाळल्यासारखे झाले. त्यांचे श्रम वाया जाऊ नयेत, या सद्हेतूने मी म्हणालो, “बाई, तो भातच आणा. पेलाभर पाणी घालून एक उकळी दिली की झाले. रोमला आमच्या वसतिगृहात आम्ही असेच करतो.”

बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या रागावल्या नाहीत. पण आमच्या गावी कुणी देवळात पायतणे घालून शिरला तर म्हाताऱ्या बाया जशा पाहतात, तसे त्यांनी पाहिले. मग म्हणाल्या, “आमच्याकडे म्हणतात फादर, तांदूळ पाण्यात जन्मतो आणि वाइनमध्ये मरतो. मेल्यानंतर त्याला पुन्हा पाण्यात बुडवू नये. तो भात उद्या खाऊ.”

दॉन हसले आणि पाव मोडू लागले. जेवणानंतर मी स्वयंपाकघरात डोकावलो, तेव्हा दिसले की बाईंनी भात भांड्यात साठवून ठेवलाच नव्हता. पाहुणा वेळेवर येत नाही असे दिसताच त्यांनी तो ऊन असतानाच एका रुंद, सपाट थाळीत बोटभर जाडीने पसरला होता, निवताच वर झाकण घालून शीतकपाटात ठेवला होता. भांड्यात ठेवलेला भात आपल्याच उष्णतेने शिजत राहतो आणि त्याचा दाणा मरतो, हे त्यांनी मला दुसऱ्या दिवशी सांगितले. थाळीत पसरला की तो झटकन निवतो, शिजणे थांबते आणि उद्यासाठी काहीतरी शिल्लक राहते.

संध्याकाळी दॉन मला फिरावयास घेऊन गेले. मे हा पवित्र मरियेचा महिना. या महिन्यात तिकडे गावोगावी, वाडीवाडीवर संध्याकाळी जपमाळ म्हणतात. आम्ही एका ‘काशीना’कडे चाललो होतो. काशीना म्हणजे चौसोपी वाड्यासारखी शेतवाडी. मध्ये विस्तीर्ण अंगण, भोवती मालकाचे घर, मजुरांच्या खोल्या, गोठे, कोठारे आणि एका कोपऱ्यात लहानसे चॅपेल. कालव्याच्या काठाने चालता चालता दॉननी मला त्या भूमीचा इतिहास सांगितला.

भात हे तेथील मूळचे धान्य नव्हे. १४७५ साली मिलानचे ड्यूक गालेआत्सो मारिया स्फोर्त्सा यांनी फेर्राराच्या ड्यूकला तांदळाची पोती भेट दिल्याची नोंद आहे. त्याच शतकात, व्हेर्चेल्लीजवळील लुचेदिओ येथील सिस्टर्शियन संन्याशांनी दलदलीची जमीन सुधारून भाताची लागवड केली. पुढे एकोणिसाव्या शतकात पिकावर रोग पडून शेतकरी हवालदिल झाले. तेव्हा १८३९ साली फादर कालेरी नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूंनी फिलिपाईन्स बेटांतून ४३ जातींचे बियाणे आणले आणि तेथील भातशेतीला नवा जीव दिला. १८६३ ते १८६६ या तीन वर्षांत पो नदीचे पाणी आणणारा कावूर कालवा खोदण्यात आला. रिझोत्तोसाठी आज सर्वांत नावाजलेला कार्नारोली तांदूळ १९४५ साली मिलानजवळ निपजला. आर्बोरिओ हा दुसरा प्रसिद्ध तांदूळ त्याच सुमारास निघाला आणि व्हेर्चेल्ली जिल्ह्यातील एका गावाचे नाव धारण करून बसला.

“तुमच्या देशात आमची माणसे गेली होती,” दॉन म्हणाले. १८५० साली मिलानमध्ये परदेशी प्रेषितकार्यासाठी एक संस्था स्थापन झाली. त्या संस्थेचे अनेक धर्मगुरू हैदराबादच्या बाजूस आले आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राबले, हे आपल्या हैदराबादच्या वाचकांस ठाऊकच असेल. “तिकडे जाणाऱ्यांची आम्हाला एका बाबतीत कधी काळजी वाटली नाही,” दॉन हसून म्हणाले, “तेथे भात तरी मिळेल, असे आम्ही म्हणत असू.”

चॅपेलमध्ये जपमाळेला सात बाया आणि एक म्हातारा होता. पूर्वी या एका वाडीवर शंभराहून अधिक माणसे राहत असत, असे दॉननी सांगितले. आता यंत्रे आली. तीनचार माणसे सारी शेती उरकतात. मजुरांच्या खोल्यांची दारे बंद होती. दॉन चौऱ्याहत्तर वर्षांचे होते. पुढच्या वर्षी त्यांना नियमाप्रमाणे निवृत्तीचा अर्ज द्यावयाचा होता. त्यांच्या जागी कोणी येणार नव्हते. शेजारच्या गावचे धर्मगुरू चार गावे सांभाळीत होते, ते आता पाच सांभाळणार होते. सकाळच्या मिस्साबलिदानास मी मोजले. आम्ही दोघे वेदीपाशी आणि समोर नऊजण. मंदिर मात्र पाचशे माणसे बसतील एवढे होते.

मिस्साबलिदानानंतर बाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावले. “रोमच्या फादरांनी आता पाहावे,” त्या म्हणाल्या. त्यांनी काय केले ते मी अनुक्रमाने सांगतो, कारण अनेक गृहिणींना त्याचा उपयोग होईल.

थाळीतला भात सुरीने चिरता येईल इतका घट्ट झाला होता. याचे कारण असे की, तांदळात पिष्ट असते. शिजताना ते पिष्ट पाणी पिऊन फुगते आणि त्याचा काही अंश रश्शात उतरून रस दाट करतो. भात निवला की तेच पिष्ट पुन्हा आक्रसते व घट्ट होते. उरलेला रस दाणे शोषून घेतात. म्हणून शिळ्या भाताला दोन गोष्टी परत द्याव्या लागतात, ऊब आणि ओल. नुसती ऊब दिली तर तो कोरडा पडतो. ओल एकदम फार दिली आणि खळखळ उकळला तर दाणे फुटतात, पिष्ट बाहेर येते आणि भाताची खळ होते. केशराचा व चिजाचा स्वाद पाण्यात विरून जातो तो वेगळाच.

बाईंनी भाताचा निम्मा भाग घेतला आणि लाकडी चमच्याच्या टोकाने, दाणा चेंगरणार नाही अशा बेताने, त्याची ढेकळे मोकळी केली. एका छोट्या भांड्यात रस्सा गरम करीत ठेवला होता. एका माणसाच्या भातास चार-पाच मोठे चमचे रस्सा, असे त्यांचे प्रमाण होते. पाणी नव्हे, रस्सा; आणि थंड नव्हे, ऊन. त्यातला निम्मा रस्सा भातावर शिंपडून त्यांनी मंद आचेवर झाकण ठेवले. दोन मिनिटे त्यांनी भाताला हात लावला नाही; वाफेने त्याला आधी मऊ होऊ दिले. मग झाकण काढून, उरलेला रस्सा थोडा थोडा घालीत, भांड्याच्या तळापासून हलक्या हाताने ढवळले. भातातून सर्वत्र कढत वाफा निघू लागताच भांडे खाली उतरविले. चिमूटभर केशर त्यांनी गरम रश्शात आधीच भिजवून ठेवले होते, ते घातले. सुपारीएवढे लोणी आणि चमचाभर किसलेले चीज घालून घोटले आणि मिनिटभर झाकून ठेवले. मीठ शेवटी चाखून पाहिले, घातले नाही. कारण रश्शात आणि चिजात मीठ असतेच. वाइन त्यांनी पुन्हा घातली नाही. कच्ची वाइन शिळ्या भातात आंबट लागते.

“हा कालचा रिझोत्तो नव्हे,” त्या म्हणाल्या. “कालचा काल गेला. दाणा थोडा मऊ झाला आहे, तो पुन्हा कडक होणार नाही. पण हा खाण्यासारखा आहे.”

उरलेल्या निम्म्या भाताचे त्यांनी निराळेच केले. मिलानचे लोक त्याला ‘अल् साल्तो’ म्हणतात. साल्तो म्हणजे उडी. लोखंडी सपाट तव्यात लोणी वितळवून थंडगार भात त्यात पसरला आणि चमच्याच्या पाठीने दाबून पातळ, गोल भाकरीसारखा केला. जाडी बोटाच्या पेराहून कमी. मध्यम आचेवर पाच-सहा मिनिटे त्याला हलवू दिले नाही. मी चमचा पुढे केला तेव्हा माझा हात त्यांनी बाजूला सारला. कडा तांबूस झाल्या, तवा हलविताच भाकरी अखंड सरकू लागली, तेव्हा वर ताटली पालथी घालून ती उलटली, तव्यात आणखी थोडे लोणी टाकून दुसरी बाजू भाजली. अंडे नाही, पीठ नाही. भाताला बांधून ठेवणारे पिष्ट त्याच्याच अंगी असते. जो घट्टपणा पहिल्या पद्धतीत दोष ठरला होता, तोच येथे गुण ठरला. दोन्ही अंगांनी कुरकुरीत आणि आतून मऊ असा तो पदार्थ खाताना मला लहानपणी भांड्याच्या बुडाशी लागलेल्या भाताच्या खरवडीवरून आम्हा भावंडांत होणारी भांडणे आठवली. मिलानमध्ये ला स्काला नाट्यगृहातून रात्री उशिरा परतणारे रसिक हाच पदार्थ आवडीने खात असत, असे दॉननी सांगितले. म्हणजे शिळ्या भाताला प्रतिष्ठितांच्या मेजावरही मान होता.

मी बाईंच्या कौशल्याची स्तुती केली आणि विचारले, हे त्या कोठे शिकल्या. तेव्हा त्यांनी आपली हकिकत सांगितली. त्या मूळच्या लोमेल्लीनाच्या नव्हत्या. पो नदीच्या मुखाकडील पोलेसिने या प्रदेशात त्यांचे घर होते. १९५१ च्या नोव्हेंबरात पो नदीला महापूर आला आणि तो सारा प्रदेश पाण्याखाली गेला. त्यांचे होते नव्हते ते वाहून गेले. दीड वर्षाने, वयाच्या चौदाव्या वर्षी, त्या आईबरोबर आगगाडीत बसून भाताच्या शेतांवर कामाला आल्या.

या कामकरी स्त्रियांना ‘मोंदीने’ म्हणत. दरवर्षी मेअखेरीपासून सुमारे चाळीस दिवस दूरदूरच्या गावांतून हजारो बाया येथे येत. गुडघाभर पाण्यात अनवाणी उभ्या राहून, कंबरेत वाकून, तण उपटणे आणि रोप लावणे हे त्यांचे काम. वरून ऊन, खाली चिखल, भोवती डास आणि जळवा. विसाव्या शतकाच्या आरंभी व्हेर्चेल्ली भागात या बायांनी संप केले, तेव्हा कोठे आठ तासांचा दिवस मान्य झाला. १९४९ साली त्यांच्या जीवनावर ‘रिझो अमारो’, म्हणजे ‘कडू भात’, नावाचा बोलपटही निघाला. १९६० नंतर तणनाशके आणि यंत्रे आली आणि मोंदीने इतिहासजमा झाल्या.

“पैशांबरोबर दर दिवसाला एक किलो तांदूळ मिळे,” बाई म्हणाल्या. “चाळीस दिवसांचे चाळीस किलो माझे, चाळीस आईचे. ती दोन पोती घेऊन आम्ही गाडीत बसलो, तेव्हा आई रात्रभर झोपली नाही. पोत्यावर हात ठेवून बसली. त्या हिवाळ्यात आम्ही तेच खाल्ले. एक किलो म्हणजे एक दिवस वाकणे, फादर. भात पाहिला की मला दिवस दिसतात.”

हे ऐकून मी गप्प झालो, कारण मला एक गोष्ट आठवली. लोमेल्लीनाला येण्याच्या आठवडाभर आधी, रविवारी, वसतिगृहात स्वयंपाकघराची पाळी माझी होती. आदल्या दिवशीचा पंधरा माणसांचा रिझोत्तो उरला होता. मी त्यात तांब्याभर पाणी ओतून मोठ्या आचेवर उकळी दिली. त्याची खळ झाली. कोणी विचारण्याआधीच मी ते सारे पातेले कचऱ्याच्या डब्यात रिकामे केले आणि भांडे घासून ठेवले. शेतकऱ्याचा मुलगा मी. पावसात इरले घेऊन चिखलात रोप लावणारी माझी आई मी पाहिलेली. घरी शिळ्या भाताला लसणीची फोडणी घालून ती आम्हाला शाळेला धाडीत असे. भात फेकलेला मी जन्मात पाहिला नव्हता. आणि धर्मगुरू झाल्यावर, रोमसारख्या पवित्र नगरीत, मी तो फेकला आणि भांडे घासून पुरावाही ठेवला नाही.

मी ते बाईंना सांगितले. इटालियन भाषेत माझे शब्द अडखळत होते. पापनिवेदनाच्या कोंदणात मी अनेकांचे ऐकले होते. स्वयंपाकघरात स्वतःचे सांगणे मला अधिक कठीण गेले. मनाशी मी हिशोब केला, पंधरा माणसांचा तांदूळ म्हणजे सव्वा किलो तरी. एका पोरीचा एक दिवस आणि वर दोन तास.

बाई काही बोलल्या नाहीत. थाळीत थोडा भात अजून उरला होता. तो त्यांनी माझ्यापुढे सरकविला, लाकडी चमचा माझ्या हाती दिला आणि म्हणाल्या, “दॉन अद्याप न्याहारीला यायचे आहेत. त्यांचा तुम्ही करा.”

मी केला. पहिला रस्सा थोडा जास्त पडला. बाईंनी आच कमी केली आणि आणखी घालू दिला नाही. दॉन आले, बसले, आशीर्वाद मागून त्यांनी घास घेतला आणि बाईंकडे पाहून म्हणाले, “आज तुझा हात जरा जड पडला.” बाई म्हणाल्या, “हो, पडला.” त्यांनी माझे नाव सांगितले नाही.

त्या संध्याकाळी पुन्हा जपमाळेकडे जाताना मी दॉनना विचारले, एवढे मोठे मंदिर आणि एवढी थोडी माणसे, याचे त्यांना दुःख होत नाही काय. ते म्हणाले, “पहिली काही वर्षे मी प्रवचनात रागावत असे. पूर्वी असे होते, तसे होते, असे सांगत असे. त्यामुळे जे येत होते त्यांतलेही काही येईनासे झाले. मग मी घरोघरी जाऊ लागलो. आज एक घर, उद्या एक घर. ही माणसे पुन्हा १९६० सालची होणार नाहीत. पण म्हणून त्यांना थंड होऊ द्यावे असे थोडेच आहे?” सकाळच्या भाताविषयी ते काही बोलले नाहीत, त्यांच्या मनात तो नसावाही. माझ्या मनात मात्र होता.

आज मी ज्या धर्मग्रामात आहे तेथील तरुण मुले पुण्याला, गोव्याला, आखाती देशांत गेली आहेत. घरी उरले आहेत ते आजी-आजोबा आणि काही लहान मुले. पूर्वीचे सण, पूर्वीची गर्दी यांच्या गोष्टी सांगून मीही प्रवचनात आच मोठी करू लागतो, तेव्हा मला तो लाकडी चमचा आठवतो. मग मी प्रवचन आटोपते घेतो आणि दुपारी कोणाच्या तरी अंगणात जाऊन बसतो.

माझ्या वाचक भगिनींना आणखी एक सूचना देणे माझे कर्तव्य आहे. उरलेले अन्न जपणे म्हणजे ते कसेही ठेवून कधीही खाणे नव्हे. आपल्या उष्ण हवेत शिजलेला भात तासन्‌तास उघड्यावर राहिला तर त्यात रोगजंतू वाढतात. त्यांची बीजे भात शिजवितानाही मरत नाहीत, आणि त्यांनी निर्माण केलेले विष पुन्हा गरम केल्याने नाहीसे होत नाही. म्हणून भात उरणार असे दिसताच तो सपाट ताटात पसरून निववावा, तासाभराच्या आत शीतकपाटात ठेवावा, दुसऱ्या दिवशी संपवावा आणि सर्वत्र वाफा येईपर्यंत एकदाच गरम करावा. ज्या घरी शीतकपाट नाही, त्यांनी मापून रांधावे हेच उत्तम. लोमेल्लीनाच्या बाईंची रीत आपल्या मसालेभातास किंवा पुलावासही लागू पडते: ढेकळे हलक्या हाताने मोडा, ऊन पाण्याचा वा रश्शाचा हबका मारा, झाकण ठेवा, आच मंद करा आणि तूप शेवटी, भांडे उतरविल्यावर घाला.

संत योहानाच्या शुभवर्तमानात, पाच भाकरी आणि दोन मासे यांच्या चमत्कारानंतर, प्रभू येशू शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करावयास सांगतो. काही वाया जाऊ नये, हे त्याने दिलेले कारण आहे. शिष्यांनी बारा टोपल्या भरल्या. ज्याने एका आशीर्वादाने पाच हजारांना जेवू घातले, त्याला उष्ट्या-उरल्या तुकड्यांची काय गरज होती, असा प्रश्न मला सेमिनरीत असताना पडे, आणि त्यावर मी एक विद्वत्तापूर्ण निबंधही लिहिला होता. त्याचे उत्तर मला पोलेसिनेच्या पुरातून वाचलेल्या एका बाईने दिले. भाकरी चमत्काराने वाढली असली, तरी ती मुळात कोणाच्या तरी घरची होती. त्या मुलाच्या आईने ती पहाटे उठून भाजली असेल.

निघताना बाईंनी मला एक लहानशी पिशवी दिली. तिच्यात एक किलो तांदूळ होता, कमी नाही, अधिक नाही. रोमला परतल्यावर पुढच्या रविवारी माझ्या पाळीला मी तो रांधला. जेवून उठताना एकाने विचारले, उरलेल्याचे काय करावयाचे. मी म्हणालो, थाळी आणा.